नव्या अँड्रॉइड फोनवर जुनी जावा सॉफ्टवेअर कशी चालवायची: नागपूरकरांसाठी पायरी-पायरीने

बर्डीवर कुठल्याही मोबाइलच्या दुकानात जाऊन "भाऊ, या फोनात जावा टाकून द्या" म्हणून पाहा. एक जण म्हणेल, "अँड्रॉइडमध्ये जावा असतेच, वेगळी कायले टाकायची?" शेजारचा म्हणेल, "ते आता बंद झालं, काका." तिसरा काहीतरी डाउनलोड करून देईल, पैसे घेईल, आणि घरी येऊन उघडलं की जाहिरातींशिवाय काही दिसणार नाही. पहिले दोघे अर्धं-अर्धं खरं बोलतात, म्हणूनच गोंधळ वाढतो.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांच्याकडे जुन्या नोकिया, सोनी एरिक्सन किंवा सॅमसंगमधलं एखादं जावा सॉफ्टवेअर आहे आणि ते आता हातातल्या स्मार्टफोनवर हवं आहे. कुणाला गेम हवा असतो, कुणाला पंचांग, कुणाला शब्दकोश, तर कुणाची दुकानाची उधारी त्यात अडकलेली असते. काम जमतं, फुकटात जमतं. मात्र क्रम चुकला की जुना डेटा हातचा जातो, म्हणून पायऱ्या वर-खाली करू नका.

थोडं आधी समजून घ्या: स्मार्टफोनमध्ये जावा "नाही" म्हणजे काय

बटणांच्या फोनांत जी जावा होती तिचं पूर्ण नाव जावा मायक्रो एडिशन. कमी मेमरी आणि बारक्या पडद्यासाठी केलेली ही छोटी आवृत्ती. तिचं मिडप २.० हे रूप २००२ मध्ये ठरलं आणि पुढची कित्येक वर्षं बहुतेक फोन त्यावरच चालले. त्यातल्या प्रोग्रामला मिडलेट म्हणतात. तो जार फाइलमध्ये बांधलेला असतो, सोबत कधी कधी जॅड नावाची छोटी माहितीची फाइल असते.

अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये आला. त्याची अ‍ॅप्स जावा भाषेतच लिहिली जात, पण ती चालवणारं आतलं यंत्र वेगळं होतं: आधी डाल्विक, आणि २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून एआरटी. मिडलेट चालवणारं यंत्र अँड्रॉइडमध्ये मुळातून कधीच नव्हतं. म्हणून जार फाइलवर बोट ठेवलं की फोन म्हणतो, ही उघडायला अ‍ॅप नाही. आयफोननेही २००७ पासून ही जावा घेतली नाही.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. फोनला बटणं आहेत म्हणजे त्यात जावा आहे, असं आता राहिलेलं नाही. २०१७ चा जिओफोन कायओएस नावाच्या वेगळ्या प्रणालीवर चालतो, त्याची अ‍ॅप्स वेबसाइटसारखी बनलेली असतात. जार त्यावर थेट चालत नाही. आज दुकानात मिळणाऱ्या स्वस्त बटणवाल्या फोनांतही बहुधा जावा नसते. "जुना गेम खेळायला नवा साधा फोन घेतो" हा बेत असेल, तर आपली जार मेमरी कार्डावर घेऊन जा आणि पैसे देण्याआधी दुकानातच चालवून पाहा.

१. आपल्या हातातली जार कोणती, ते ओळखा

बहुतेक जण इथेच घसरतात. जार नावाची फाइल दोन अगदी वेगळ्या जगांत वापरली जाते. एक मोबाइलचं मिडलेट, दुसरी संगणकावरचा जावा प्रोग्राम. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. संगणकाची जार मोबाइलच्या एमुलेटरमध्ये (जुन्या फोनचं सोंग घेणारं अ‍ॅप, पायरी ५ पाहा) टाकून "चालत नाही, चालत नाही" म्हणणारे खूप भेटतात.

ओळखायची रीत सोपी आहे, कारण जार ही आतून झिप फाइलच असते.

- फाइलची एक प्रत करा. मूळ फाइलला हात लावू नका.
- प्रतीच्या नावातलं शेवटचं "जार" काढून "झिप" करा आणि फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये उघडा.
- आत "मेटा-इन्फ" नावाचं फोल्डर असेल. त्यात "मॅनिफेस्ट" नावाची फाइल आहे, ती साध्या टेक्स्ट म्हणून वाचा.
- त्यात इंग्रजीत "मिडलेट" या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या (मिडलेट-नेम, मिडलेट-व्हेंडर वगैरे) तर ती मोबाइलची. हा लेख तुमच्यासाठी.
- "मेन-क्लास" अशी ओळ दिसली आणि मिडलेटचा पत्ताच नसला, तर ती संगणकाची. सरळ पायरी ९ वर जा.

त्याच फाइलमध्ये "मायक्रोएडिशन-प्रोफाइल" पुढे मिडप १.० किंवा २.० लिहिलेलं असतं. दोन्ही चालतात, काळजी नको.

जार उघडलीच नाही किंवा "फाइल खराब" असं आलं, तर ती अर्धवट उतरलेली असणार. पूर्वी सायबर कॅफेतून फोनात भरलेल्या फाइलींत हे सर्रास आढळतं. सोबत जॅड असेल तर तीही टेक्स्ट म्हणून उघडा. त्यात "जार-साइझ" पुढे बाइट्सचा आकडा असतो. तुमच्या फाइलचा आकार त्यापेक्षा कमी भरला, तर पुढे वेळ घालवू नका, दुसरी प्रत शोधा.

२. काय काय गोळा करायचं

कागदपत्र काही लागत नाही. सामान असं:

- जुना फोन आणि त्याचा चार्जर. नोकियाचे जुने चार्जर ३.५ मिलिमीटरच्या जाड पिनेचे, नंतरचे २ मिलिमीटरच्या बारीक पिनेचे. घरातल्या ड्रॉवरमध्ये हमखास नको तोच सापडतो. जाड पिनेवरून बारीक पिनेवर नेणारा छोटा जोड मिळतो, तो विचारा.
- चालू बॅटरी. बऱ्याच नोकियांना बीएल-५सी लागते आणि ती अजूनही सहज मिळते. जुनी बॅटरी टेबलावर ठेवून फिरवून पाहा: भोवऱ्यासारखी फिरली तर मधून फुगलेली आहे. ती चार्जिंगला लावूच नका, मे महिन्यातल्या नागपुरात तर मुळीच नाही. याच बीएल-५सीच्या एका उत्पादकाने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या गरम होत असल्यामुळे नोकियाने २००७ मध्ये बदलून देण्याची घोषणा केली होती.
- जुन्या फोनमधलं मेमरी कार्ड आणि कार्ड रीडर. मायक्रो-एसडी असेल तर कुठलाही रीडर चालतो. जुन्या सोनी एरिक्सनमध्ये एम-टू नावाचं कार्ड असे, ते मायक्रो-एसडीच्या खाचेत बसत नाही. त्याचा रीडर मिळायला कठीण. मोदी नंबरच्या गल्ल्यांत विचारत फिरावं लागेल. त्यापेक्षा फोनची मूळ केबल शोधणं सोपं.
- ओटीजी जोड, म्हणजे कार्ड रीडर थेट नव्या फोनला लावता येईल. संगणक असेल तर याची गरज नाही.
- वही आणि पेन. थट्टा नाही, पायरी ४ मध्ये कळेल.

३. जुन्या फोनमधून जार बाहेर काढा

फाइल कुठे असेल हे फोनवर अवलंबून. तीन शक्यता आहेत.

फाइल कार्डावरच पडून आहे: सर्वांत बरं. कार्ड काढा, रीडरमध्ये घाला, जार कॉपी करा. नोकियाच्या अनेक साध्या फोनांत लोक कार्डावरूनच जार उघडून गेम खेळत, त्यामुळे ती तिथेच राहिलेली असते. सगळी फोल्डर्स चाळा. "गेम्स", "अदर्स", "रिसीव्ह्ड फाइल्स" अशी नावं दिसतील.

फाइल फोनच्या आतल्या मेमरीत आहे, पण "पाठवा" हा पर्याय दिसतो: ब्लूटूथने पाठवून पाहा. इथे एक अडचण येते. अँड्रॉइड ब्लूटूथवरून ठरावीक प्रकारच्याच फाइली स्वीकारतो आणि जार पुष्कळदा नाकारतो. जुन्या फोनवर "पाठवता आली नाही" एवढंच दिसतं, मग माणूस दोन्ही फोन बंद-चालू करत बसतो. फोनमध्ये दोष काही नसतो. अशा वेळी ब्लूटूथ असलेल्या लॅपटॉपवर घ्या, किंवा फाइल आधी जुन्या फोनच्या कार्डावर हलवा आणि कार्ड काढून आणा.

फोनसोबत कंपनीकडून आलेला गेम आहे, किंवा विकत घेऊन थेट फोनवर उतरवलेला आहे: तो बहुधा कुलूपबंद असतो, "पाठवा" दिसतच नाही. इथे जुन्या फोनच्या मागे लागून उपयोग नाही.

जार संगणकावर आली की ती नव्या फोनवर नेताना जीमेल वापरू नका. जीमेल जार फाइल जोडूच देत नाही, झिपमध्ये लपवली तरी ओळखतो. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, किंवा केबल लावा. काही फोन उतरवलेल्या जारला आपणहून झिप करून ठेवतात. तसं झालं तर शेवटचं नाव बदलून पुन्हा जार करा, फाइलला काही होत नाही.

४. आतली माहिती आधी वहीत उतरवा

जार म्हणजे नुसता प्रोग्राम. तुम्ही त्यात वर्षानुवर्षं भरलेली माहिती जारमध्ये नसते. ती फोनच्या आत "रेकॉर्ड स्टोअर" नावाच्या वेगळ्या कप्प्यात राहते, आणि तो कप्पा साध्या मार्गाने बाहेर काढता येत नाही. गेमचे जिंकलेले टप्पे गेले तर गेले. हिशेब गेला तर पंचाईत.

माझ्या मामांचं इतवारीत किराण्याचं दुकान. उधारी एका जावा अ‍ॅपमध्ये, फोन नोकियाचा, पाच नंबरचं बटण दाबायला अंगठ्याचं नख लागायचं. ते म्हणाले, "तू फक्त सॉफ्टवेअर नव्या फोनात टाक, बाकी त्यात आहेच." म्हटलं, "मामा, त्यात काही येणार नाही. तुम्ही वाचा, मी लिहितो." मग एकेक गिऱ्हाईक उघडून त्यांनी आकडे वाचले आणि मी वहीत उतरवले. मधेच एका नावावर थांबून म्हणाले, "याचे राहू दे, हा नाही देत बापा."

तुमच्या अ‍ॅपमध्ये "एक्सपोर्ट" किंवा "एसएमएसने पाठवा" असा पर्याय असेल तर तो आधी वापरून पाहा. पुष्कळ यादी-हिशेबाच्या अ‍ॅप्सना तो होता. नसेल तर नव्या फोनने जुन्या पडद्याचे फोटो काढत जा. लिहिण्यापेक्षा लवकर होतं. ऊन थेट पडद्यावर येऊ देऊ नका, ते जुने पडदे फोटोत पांढरेफटक येतात.

हे झाल्याशिवाय जुना फोन रिसेट करू नका, विकू नका, पोरांच्या हाती देऊ नका.

५. एमुलेटर घ्या, आणि नीट बघून घ्या

एमुलेटर म्हणजे जुन्या फोनचं सोंग घेणारं अ‍ॅप. अँड्रॉइडवर यासाठी मी एकच नाव सांगेन: जेटूएमई लोडर. शोधताना इंग्रजीत जे, आकडा २, एम, ई असं सलग लिहा आणि पुढे लोडर. ते फुकट आहे, त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे, आणि प्ले स्टोअरवर तसंच एफ-ड्रॉइड या खुल्या सॉफ्टवेअरच्या भांडारात मिळतं. थ्रीडी गेमांचा नाद असेल तर त्यातूनच निघालेलं जेएल-मॉड हे भावंड आहे. पण सुरुवात मूळ अ‍ॅपने करा.

सावध राहायचं ते इथे. "जावा एमुलेटर" किंवा "जावा फॉर अँड्रॉइड" असं शोधलं की भलतीसलती अ‍ॅप्स पुढे येतात. कुणी एपीके फाइल (अँड्रॉइडचं अ‍ॅप बांधलेली फाइल) व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, "ही टाक, जावा चालते" म्हणाला, तर टाकू नका. आरटीओ चलान आणि लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके पाठवून खाती रिकामी करणारे आपल्याकडे उदंड झालेत, जावाचं नाव घ्यायला त्यांना किती वेळ लागतो? एमुलेटरला एसएमएस वाचायची परवानगी, कॉल लॉग किंवा "अ‍ॅक्सेसिबिलिटी" लागत नाही. हे मागितलं की अ‍ॅप काढून टाका. पैसे गेलेच तर बँकेच्या आधी-नंतर न बघता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

जार फाइलीही कुठूनही उतरवू नका. जुन्या काळी जारमध्येच महागडे एसएमएस पाठवणारे चोर बसवलेले असत. रेडब्राउझर नावाचा असा पहिला नमुना २००६ मध्ये सापडला होता. एमुलेटरमध्ये त्याचा डंख जवळपास लागत नाही, पण तीच फाइल खऱ्या सिम घातलेल्या जुन्या फोनवर चालवली तर लागू शकतो. शिवाय गेमांचे हक्क अजून कंपन्यांकडे आहेत, तेव्हा आपल्या फोनमधली आपली प्रत वापरणं सर्वांत निर्धास्त.

६. जार टाका

एमुलेटर पहिल्यांदा उघडला की तो कामाचं फोल्डर ठरवायला सांगू शकतो. सांगितलं तर स्वतंत्र नवं फोल्डर करून तेच द्या, डाउनलोडचं फोल्डर देऊ नका. खालच्या कोपऱ्यातलं अधिकचं चिन्ह दाबा, जार निवडा. चारदोन क्षण चाक फिरतं, तेवढ्यात तो जारमधला कोड अँड्रॉइडला कळेल अशा रूपात बदलून घेतो. मग यादीत नाव येतं.

जॅड आणि जार दोन्ही असतील तर दोन्ही एकाच फोल्डरमध्ये ठेवा. नुसती जॅड निवडली तर ती जार इंटरनेटवरच्या जुन्या पत्त्यावरून आणू पाहते, आणि तो पत्ता केव्हाच बंद पडलेला असतो.

७. पडदा आणि बटणं जुळवा

खरी मेहनत इथे आहे. कुठलंही जावा सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडलं की सेटिंगचा लांबलचक कागद समोर येतो. घाबरायचं कारण नाही, त्यातल्या तीन-चार गोष्टीच महत्त्वाच्या.

पडद्याचा आकार. त्या काळी एकाच गेमची वेगवेगळ्या पडद्यांसाठी वेगवेगळी जार निघत असे: १२८ × १६०, १७६ × २०८, १७६ × २२०, २४० × ३२०, आणि टच फोनांसाठी २४० × ४०० किंवा ३६० × ६४०. तुमची जार ज्या फोनची, त्या फोनचा आकार टाका. माहीत नसेल तर २४० × ३२० ने सुरू करा आणि चित्र बघा. चित्र डाव्या वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलं आणि उजवीकडे-खाली पट्टा रिकामा राहिला, तर जार लहान पडद्याची आहे, आकार एक घर खाली आणा. उलट खालची मेनूची ओळ कापली गेली, तर एक घर वर जा. तुमच्या नव्या फोनचं भलंमोठं रिझोल्युशन इथे टाकू नका. सॉफ्टवेअर पडद्यात ठिपक्याएवढं होऊन बसेल. मोठं दिसण्यासाठी "स्केल" वेगळं आहे, ते "पडद्याला बसवा" असं ठेवा.

बटणांची भाषा. पडद्याखालची डावी-उजवी दोन बटणं, जी "ओके" आणि "बॅक" साठी असत, त्यांचे आतले क्रमांक प्रत्येक कंपनीचे निराळे होते. नोकियाची डावी उणे ६ आणि उजवी उणे ७. मोटोरोलाच्या आणि सीमेन्सच्या फोनांचे आकडे दुसरेच. एमुलेटर मुळात नोकियासारखा वागतो. गेम सुरू झाला, बाण चालतात, पण "सिलेक्ट" दाबून काहीच होत नाही, असं दिसलं की बटणांच्या मांडणीत सीमेन्स नाही तर मोटोरोला निवडून बघा. "जार खराब आहे" म्हणून टाकून दिलेल्या कित्येक जार या एका बदलाने चालू लागतात.

पडद्यावरचा कीपॅड. तो चित्रावर चढून बसत असेल तर फोन उभा धरा, म्हणजे चित्र वर आणि बटणं खाली राहतात. बॅक दाबलं की एमुलेटरची यादी उघडते, तिथे बटणं सरकवायची आणि लहान-मोठी करायची सोय आहे. हिशेबाच्या किंवा शब्दकोशाच्या अ‍ॅपला बाण नकोसे असतात, आकडे हवे असतात, तसा कीपॅड निवडा. मामांना मी अंकांची बटणं पडद्याच्या अर्ध्यापर्यंत मोठी करून दिली, तरीही त्यांचा अंगठा जुन्या जागीच जातो.

गेम फार पळत असेल तर "एफपीएस" ला (सेकंदाला किती चित्रं, त्या आकड्याला) मर्यादा घाला, १५ ते २० पुरे. जुन्या फोनचा संथपणा गृहीत धरून लिहिलेले गेम नव्या फोनवर हाती लागत नाहीत. फोन तापत असेल तरी हाच उपाय.

प्रत्येक सॉफ्टवेअरची सेटिंग स्वतंत्र साठवली जाते. एक जुळलं म्हणजे दुसरं जुळेलच असं नाही.

८. मराठी अक्षरं, आणि जे चालणारच नाही ते

जुन्या मराठी जावा अ‍ॅप्सनी देवनागरी दोन तऱ्हांनी दाखवली. काहींनी युनिकोड मजकूर दिला आणि अक्षर काढायचं काम फोनवर सोपवलं. जुन्या फोनवर तिथे चौकोन दिसायचे किंवा वेलांटी अक्षर सोडून उभी राहायची. एमुलेटरमध्ये मात्र अँड्रॉइडचा फॉन्ट लागतो आणि मजकूर उलट आधीपेक्षा चांगला दिसतो. काहींनी अक्षरांची चित्रंच जारमध्ये भरली. ती मोठी केली की कडा फाटतात. तिथे स्केल दुप्पट किंवा तिप्पट असं पुऱ्या पटीत ठेवा आणि "फिल्टर" बंद करा.

अक्षरांऐवजी भलतीच इंग्रजी चिन्हं दिसली तर सेटिंगमध्ये "सिस्टिम प्रॉपर्टीज" चा रकाना शोधा. त्यात "मायक्रोएडिशन.एन्कोडिंग" पुढे जे लिहिलंय ते खोडून यूटीएफ-८ टाका. दरवेळी लागू पडत नाही, पण करून बघायला काही जात नाही.

आता नाइलाजाच्या गोष्टी. ज्याला कंपनीच्या सर्व्हरची गरज होती ते चालत नाही: जुनी चॅट, बातम्यांची अ‍ॅप्स, बँकेची जावा अ‍ॅप्स. व्हॉट्सअ‍ॅपने नोकियाच्या साध्या फोनांच्या एस४० प्रणालीची साथ ३१ डिसेंबर २०१८ ला सोडली, त्यामुळे त्याची जार सापडली तरी उपयोग शून्य. "एसएमएस पाठवून पूर्ण गेम उघडा" म्हणणाऱ्या चाचणी आवृत्त्याही अडकतात, कारण पलीकडे उत्तर देणारं कुणी उरलं नाही. जुन्या फोनचा ब्लूटूथ, कॅमेरा किंवा संपर्कांची यादी वापरणारी अ‍ॅप्स कधी चालतात, कधी मधेच बंद पडतात. त्यांच्यासाठी रात्र जागवू नका.

सगळं नीट चाललं की एमुलेटरच्या कामाच्या फोल्डरची प्रत संगणकावर किंवा ड्राइव्हवर ठेवा. तुमचा नवा भरलेला डेटा त्यातच असतो. एमुलेटर काढून टाकण्याआधी किंवा फोन बदलण्याआधी ही प्रत हवीच.

९. तुमची जार संगणकाची निघाली, किंवा जावा शिकायचीच आहे

संगणकाची जार फोनवर चालवण्यापेक्षा संगणकावरच चालवा, हे माझं स्पष्ट मत. खिडक्या-बटणं असलेला प्रोग्राम असेल तर फोनवर तो नांदत नाही. ज्यांच्याकडे फक्त आयफोन आहे त्यांनीही मोबाइलची जार संगणकावरच चालवावी. त्यासाठी केएमुलेटर आणि फ्रीजेटूएमई ही दोन नावं लक्षात ठेवा.

इंजिनिअरिंगच्या पोरापोरींचा प्रश्न निराळा असतो: लॅपटॉप नाही, प्रॅक्टिकल उद्यावर आलंय, फोनवर जावा लिहून चालवता येईल का? येते. आज्ञा टाइप करून प्रोग्राम चालवू देणारं टर्मक्स नावाचं अ‍ॅप एफ-ड्रॉइडवरून घ्या. प्ले स्टोअरवरची त्याची आवृत्ती बराच काळ जुनाट पडून होती, म्हणून ही वाट सांगतोय. टर्मक्स उघडून आधी "पीकेजी अपडेट" आणि मग "पीकेजी इन्स्टॉल ओपनजेडीके-१७" या आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत द्या. डाउनलोड शंभर-दीडशे एमबीच्या घरात जाऊ शकतं, तेव्हा होस्टेलच्या किंवा घरच्या वायफायवर बसा. नंतर "जावासी" ने कंपाइल आणि "जावा" ने रन, अगदी लॅबमधल्यासारखं. पडद्यावर अक्षरं छापणारे, बेरजा-वजाबाक्या करणारे, अ‍ॅरे आणि क्लासचे सगळे प्रोग्राम चालतात. स्विंगच्या खिडक्यांचे प्रॅक्टिकल असेल तर मात्र मित्राचा लॅपटॉप मागा.

टाइप करताना फोनच्या कीबोर्डचं स्वयंसुधार आणि पहिलं अक्षर मोठं करणं बंद करून ठेवा. "सिस्टिम" चा एस मोठाच हवा आणि "स्ट्रिंग" चाही, पण "मेन" चा एम लहान; कीबोर्डला हे कळत नाही, आणि एरर आल्यावर तो नेमका कुठल्या अक्षरामुळे आलाय हे पाच इंची पडद्यावर शोधताना डोळ्यांचं पाणी होतं. साधा ओटीजीचा कीबोर्ड लावलात तर निम्मा त्रास जागच्या जागी संपतो.